डावा पाय

घरात नवी पिकअप घ्यायचा विषय निघाला तेव्हा दादाचं वय त्रेपन्न होतं आणि त्याच्या डाव्या गुडघ्याचं, डॉक्टरांच्या हिशेबाने, सत्तर. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, दोन हाडांमधली उरलीसुरली फट बोटाने दाखवली आणि विचारलं, "काम काय करता?"

"गाडी हाय. रातचा माल कल्याणला नेतो."

"क्लचवाली?"

दादा हसला. मालाच्या गाडीला क्लच नसतो असं त्याने तोवर ऐकलंच नव्हतं.

आमचं गाव ओतूरच्या पुढे, माळशेजच्या तोंडाशी. दुपारपासून कोथिंबीर, मेथी, शेपू उपटून जुड्या बांधायच्या, पाणी मारून गाडी भरायची, रात्री अकराच्या सुमारास निघायचं, घाट उतरून टोकावडे, मुरबाड करत दोन-अडीचला कल्याणच्या बाजार समितीत पोचायचं. पालेभाजी उजाडल्यावर पोचली तर तिला कोण विचारतो? आधी घरचा माल, मग शेजारच्यांचा, मग निम्म्या वस्तीचा. दादाने हे अठरा वर्षं केलं. गाडी दोनदा बदलली, रस्ता तोच आणि पाय तोच.

गणपतीच्या आधीच्या एका रात्री मी त्याच्याबरोबर गेलो होतो. त्या दिवसांत बाजाराला जत्रेचं रूप येतं. म्हारळपासून रांग लागली. गाडी दोन हात पुढे, थांब, पुन्हा दोन हात. करमेना म्हणून मी त्याचा क्लच मोजायला लागलो. गेटातून आत शिरलो तेव्हा दोनशे चौदा झाले होते. मी गंमत म्हणून त्याला आकडा सांगितला. तो म्हणाला, "परतीचं बी मोज मग." आज तो आकडा आठवला की त्यात गंमत काय होती ते मला सांगता येत नाही.

तर विषय असा निघाला. पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला. तो सुट्टीत आला आणि म्हणाला, "पप्पा, आता ऑटोमॅटिक घेऊ." दादाने एकेक कारण पुढे केलं. डिझेल जास्त खाईल. ओतूरचा मेस्त्री तिला हात लावणार नाही. ओढायची नाही. पोराकडे सगळ्याला उत्तर होतं. २०२२ साली टोयोटाची हायलक्स आपल्याकडे आली, तिच्या एकाच इंजिनात क्लचवालीला ४२० न्यूटन मीटर ओढ आहे आणि ऑटोमॅटिकला ५००, हे त्याने मोबाइलवर काढून दाखवलं. त्याच वर्षी छोट्या हत्तीची विजेवरची गाडी आली, तिला तर बदलायला गिअरच नाहीत, हेही सांगितलं. अर्थात हायलक्स घेण्याची आमची ऐपत नव्हती आणि विजेच्या गाडीवर रात्रीच्या घाटाचा भरवसा टाकायची आमची तयारी नव्हती. आपल्याकडच्या नेहमीच्या मालवाहू पिकअपला आजही बहुतेक ठिकाणी क्लच आणि गिअरच असतो. पोराच्या डोक्यात वेगळं होतं. दोन ओळी सीटची, मागे हौदा असलेली, सेकंडहँड.

"पण आतमधी व्हतं काय?" दादाने विचारलं. "क्लच न्हाय तर इंजिन चाकाला सोडतंय कोण आन् धरतंय कोण?"

पोराने पडवीत दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एकाचं बटण दाबलं. दुसऱ्याची पिन काढून ठेवली होती, तरी समोरच्या वाऱ्याने त्याची पाती हळूहळू फिरायला लागली. "असंच. फक्त हवेच्या जागी तेल. इंजिनाचा पंखा तेल ढकलतो, ते तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. गाडी उभी असली की तेल नुसतं घुसळत राहतं, म्हणून इंजिन बंद पडत नाही. वेग आला की दोन्ही पंखे आतून एकमेकांना जोडले जातात."

दादा बराच वेळ त्या दुसऱ्या पंख्याकडे बघत होता. "मधी वाराच हाय," तो म्हणाला. "धरलंय कुणीच न्हाय."

मी त्या संध्याकाळी दादाच्या बाजूने बोललो. भरपूर बोललो. मी शिक्षक आहे, बोलायची सवय आहे. हातातलं कसब गेलं की माणूस नुसता बटणं दाबणारा उरतो, यंत्र आपल्यासाठी ठरवायला लागलं की आपली अक्कल गंजते, गुडघ्यावर इलाज करू पण विद्या सोडायची नाही, असं काय काय. दादा मान हलवत होता. आपल्या मनातलं कुणीतरी नीट शब्दांत मांडतंय याचं त्याला बरं वाटत असावं.

वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भाऊजी, तुमची पुण्याची गाडी कसली वं?"

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. २०१९ पासून. सिंहगड रोडला रोज संध्याकाळी क्लच दाबून पाय भरून यायचा म्हणून घेतली. गुडघा बिघडल्यामुळे नव्हे, नुसता पाय भरून यायचा म्हणून.

मी उत्तर दिलं आणि पुढे काही बोललो नाही. त्यांनीही विषय वाढवला नाही, भाकरी उलटली. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मानेवर बसला आहे. ज्या त्रासातून मी पैसे मोजून सुटलो, तोच त्रास दादाने चालू ठेवावा असं मला का वाटत होतं? गावाकडचं काहीतरी अस्सल टिकावं असं शहरात गेलेल्या आम्हा लोकांना फार वाटतं. चूल टिकावी, जातं टिकावं, बैल टिकावेत. ते टिकवताना कुणाचा गुडघा झिजतो याचा हिशेब आमच्या वहीत नसतो. सुट्टीला यायचं, चुलीवरची भाकरी खायची, धूर डोळ्यांत गेला की पडवीत येऊन बसायचं.

हे एवढंच असतं तर मी गुन्हा कबूल करून मोकळा झालो असतो. पण त्या संध्याकाळी जे बोललो ते सगळंच ढोंग होतं असं मला अजूनही वाटत नाही. मी दादाला घाटात पाहिलं आहे.

पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात समोरचं दहा हातांवरचं दिसत नाही. कड्यावरून रस्त्यावर पाणी कोसळत असतं, कुठे रात्रीतून दगड आलेला असतो. अशा वेळी दादा काचेतून कमी आणि कानाने जास्त गाडी चालवायचा. इंजिनाचा आवाज जरा जड झाला की चढ कुठला ते त्याला कळायचं. हलका झाला की तिसऱ्यातून दुसरा पडलेला असायचा, डावा हात कधी हलला ते मला दिसायचंही नाही. ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर, हा त्याचा मला दिलेला पहिला धडा. उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवायची, ब्रेक नुसता टेकवायचा. ब्रेक दाबूनच उतरायला गेलं की लायनर तापतात, वास सुटतो, आणि मग ऐन वळणावर पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे त्याने पाहिले होते. त्यातल्या एकाची गाडी क्रेनने वर काढली तेव्हा हा तिथे होता. आणि गंमत म्हणजे नव्या इंजिनात गाडी गिअरात ठेवून पाय काढला की डिझेल तसंही बंद होतं, न्यूट्रलने वाचत काहीच नाही. हे दादाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तो कधी न्यूट्रलला गेला नाही.

मला ऑफिसला जाताना, म्हणजे शाळेत जाताना, वाटेत काय लागलं ते पोचल्यावर आठवत नाही. गाडी आपली चालते, मी भलत्याच विचारात असतो. दादाला विचारा, कोणत्या वळणावर डांबर उखडलंय, कुठल्या मोरीपाशी पाणी साचतं, तो डोळे मिटून सांगेल. हे लक्ष त्याला त्या दांड्याने लावलं. न बघून चालतच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. कोथिंबिरीचा भाव दादाच्या हातात नाही. एका पहाटे जुडी तीस रुपयांना जाते आणि चौथ्या दिवशी तीच जुडी कल्याणात तशीच टाकून रिकामी गाडी आणावी लागते. आडत्या काय लिहील ते हातात नाही, पाऊस हातात नाही, डिझेल, पतसंस्थेचा हप्ता, पोराच्या कॉलेजची फी, काही म्हणजे काही नाही. फक्त रात्री अकरा ते अडीच या वेळात, त्या केबिनमध्ये, एक वस्तू अशी होती की ती तो म्हणेल तेव्हा आणि म्हणेल तशी हलायची. त्या दांड्याच्या गोळ्यावरचे आकडे त्याच्या तळव्याने पुसून गेले होते. "धरलंय कुणीच न्हाय," असं तो म्हणाला तेव्हा तो नुसतं तेलाविषयी बोलत नव्हता.

आमचे तात्या असते तर काय म्हणाले असते, हाही विचार मी केला. तात्यांची बैलगाडी होती. उतारावर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं, तेव्हा गाडीवान साटीवर मागे सरकतो; चढाला गाडी उलाळ व्हायला लागली की पुढे येऊन बसतो. हे तात्या झोपेतही करायचे, असं आम्ही म्हणायचो. पण खरं म्हणजे ते खरोखरच झोपायचे. ओतूरच्या बाजारातून परतताना कासरा मांडीखाली दाबून आडवे व्हायचे आणि बैल त्यांना बरोबर दारात आणून उभे करायचे. चिंचेपाशी वळायचं, ओढ्यात हळू उतरायचं, समोरून गाडी आली तर कडेला घ्यायचं, सगळं बैल बघायचे. म्हणजे आमच्या घरातलं पहिलं वाहनच ऑटोमॅटिक होतं! तात्यांची अक्कल त्याने गंजली असं मला कधी जाणवलं नाही. फक्त एवढं की बैलांना ती वाट तात्यांनीच दाखवली होती, आणि बैल थकला तर ते तात्यांना कळत होतं.

वहिनींची गोष्ट मात्र मला या सगळ्यापेक्षा अवघड जाते.

त्यांनी लग्नानंतर चार वर्षांनी दादाला म्हटलं होतं, मला गाडी शिकवा. दादा नाही म्हणाला नाही, तो तसा नाही. खळ्यात दोनदा शिकवायला बसला. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. बंद पडली की दादा ओरडायचा. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा बघायला वस्तीवरची पोरं जमली होती. वहिनी खाली उतरल्या, किल्ली बोनेटवर ठेवली आणि घरात गेल्या. "तिला जमायचं न्हाय," दादा म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. मीसुद्धा. मलाही पहिल्या महिन्यात जमलं नव्हतं, हे तेव्हा कुणाला आठवलं नाही.

आमच्या भागात बाया वाहनावर बसल्या त्या बिनगिअरच्या. पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ साली आली. आमच्या लहानपणी गावातल्या नर्सबाई आणि एक शिक्षिका, दोघीच लूनावर दिसायच्या. मग २००१च्या सुमारास अॅक्टिव्हा आली आणि दहा-पंधरा वर्षांत डेअरीपुढे, शाळेपुढे त्यांचीच रांग. पुरुष तिला बायांची गाडी म्हणायचे आणि पंक्चर झाली की तीच मागून न्यायचे. सरकारनेही दुचाकीच्या लायसन्सात गिअरची आणि बिनगिअरची असे वर्ग वेगळे ठेवले आहेत. चारचाकीत तशी फोड नाही, पण आमच्या वस्तीवर ती होती. क्लच ज्याला येतो तो ड्रायव्हर. आणि क्लच शिकवणारा, ओरडणारा, गाडीचा मालक, सगळा एकच माणूस.

दादाने ते मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. त्याला स्वतःला कुणी प्रेमाने शिकवलं नव्हतं. नारायणगावच्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून दोन वर्षं शिव्या खाऊन तो शिकला. ज्या किमतीला विद्या मिळाली त्याच किमतीला ती द्यायची, असं माणसाला नकळत वाटत असावं. पण त्यामुळे झालं ते झालं. दादाला ताप आला की घरचा माल दुसऱ्याच्या गाडीत जायचा, आणि दोन धडधाकट हातपाय असलेली बाई दारात उभी राहून तो जाताना बघायची.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांचा गुडघा बदलायचा तर तीन म्हैने बसावं लागंल. तवर कोण नेणार? क्लच नसला तर मी नेते."

दादा काहीच बोलला नाही. उठून बाहेर गेला. गाडीत जाऊन बसल्याचा दाराचा आवाज आला. गाडी चालू केली नाही, नुसता बसला होता. मी जाणार होतो, वहिनींनी खुणेने थांबवलं.

गाडी शेवटी ऑटोमॅटिक घेतली. मला इथे असं लिहिता येत नाही की सगळं बरं झालं. तिला पांढरी पाटी, म्हणजे खासगी पासिंग. पिवळी पाटी गेली तसं भाड्याचं कामही गेलं. हौदा लहान. वस्तीवरच्या ज्यांचा माल दादा अठरा वर्षं नेत होता त्यांना दुसरी गाडी बघावी लागली. त्यातला एक म्हातारा शेतकरी माझ्याजवळ म्हणाला, "तुझ्या भावाकडं जुड्या दिल्या की मी झोपायचो बाबा." जुनी गाडी खालच्या गावातल्या एका पोराने नेली. त्याने अंगणातून बाहेर काढताना दुसऱ्यातच उठवली, इंजिन गदगदलं, आणि दादाचा हात आपोआप हवेत डावीकडे गेला.

नव्या गाडीच्या पहिल्या फेरीला मीही होतो, मागच्या सीटवर. वहिनी चालवत होत्या. महिनाभर ओतूरच्या रस्त्यावर सराव झाला होता, सपाटीला हात चांगला बसला होता. शेजारी डावीकडे दादा. रात्र कोरडी होती, चांदणं होतं. घाट सुरू झाला तशी गाडी हलकेच पळायला लागली. ऑटोमॅटिकला आपल्या मागे दरी आहे की मैदान, हे काय कळणार? आपण पाय काढला की तिला वाटतं आता आराम, ती वरचा गिअर घेते. वहिनी ब्रेक दाबत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या. तिसऱ्या वळणानंतर मला तो वास आला. मी पुढे वाकलो, पण दादाला माझ्या आधी आला होता.

मला वाटलं आता ओरडणार. माझे खांदे आपोआप वर झाले. वहिनींचेही झाले असावेत.

"अगं," तो म्हणाला, "दांडा आपल्याकडं ओढ. बाजूला. हां. आता मागं एकदा. मायनस लिवलंय तिकडं. अजून एकदा."

इंजिनाचा आवाज चढला, गाडीने मागून कुणी धरल्यासारखा वेग सोडला. वहिनींनी ब्रेकवरून पाय काढला आणि मोठा श्वास घेतला.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. गाडी आल्यापासून तो तिच्या उजव्या सीटवर एकदाही बसला नव्हता.

"पुस्तक व्हतं की गाडीत." तो समोरच बघत होता. "इंग्रजीत हाय. पोराकडनं वाचून घेतलं."

म्हणजे कधीतरी, आम्ही कुणी नसताना, बापलेकांनी ते पुस्तक घेऊन बसून घाटाचं पान काढलं होतं.

पुढची वळणं त्याने एकेक करून सांगितली. इथं डावीकडं मोरी हाय. इथं समोरचा लाइट मारतो, नजर कडेला ठेव. इथं अजून एक मायनस. वहिनी हं हं म्हणत होत्या. टोकावड्याच्या अलीकडे सपाटी लागली तसा तो बोलायचा थांबला. मला वाटलं झोपला. मी दोन सीटच्या मधून वाकून पाहिलं. तो जागाच होता, आणि समोर स्पीडब्रेकर दिसला की त्याचा डावा पाय पायपुसण्यावर हळूच खाली जात होता, आणि गाडी ओलांडून गेली की सावकाश, धक्का न बसू देता, वर येत होता.